गोळीचं बिल माजी सैनिक बाईच्या नावावर

(एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अमेरिकेत एखादी बाई बँकेत नोकरीला आहे आणि तिने औषधाच्या दुकानातून गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट घेतलं, तर बहुतेक वेळा तिला खिशात हात घालावा लागत नाही. विमा कंपनी सगळे पैसे भरते. बाई गरीब असेल आणि मेडिकेडमध्ये, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्ययोजनेत असेल, तरी कुटुंब नियोजनासाठी तिच्याकडून पैसे घेता येत नाहीत. ती सैन्यात आज ड्युटीवर असेल, तर तिला लष्करी दवाखान्यात ही साधनं फुकट मिळतात. मग तीच बाई सहा वर्षं नोकरी करून, कदाचित इराक-अफगाणिस्तानची एखादी फेरी करून, गणवेश उतरवते आणि माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्यात जाते. काही दिवसांनी तिच्या घरी गोळ्यांचं बिल येतं.

आजचा विषय एवढाच आहे. "आपल्याला काय त्याचं?" असं काहींना वाटत असेल, आणि ते रास्त आहे. मला या प्रकरणात रस आहे तो एका कारणासाठी. या बाईला बिल पाठवायचं असं कोणी कधी ठरवलेलंच नाही. कुठल्याही मंत्र्याने तशी घोषणा केली नाही, कुठल्या पक्षाच्या जाहीरनाम्यात ते नव्हतं. दोन कायदे आपापल्या वाटेने गेले आणि मधल्या फटीत ही बाई सापडली.

आधी ती फट बघू. 2010 साली ओबामांच्या काळात आरोग्यविम्याचा मोठा कायदा झाला. प्रतिबंधक सेवांसाठी विमा कंपनीने रुग्णाकडून वेगळे पैसे घ्यायचे नाहीत, असं त्यात एक कलम आहे. बायकांसाठी प्रतिबंधक सेवा कोणत्या, याची यादी 2011 मध्ये आली. त्यात गर्भनिरोधक साधनं होती, आणि ऑगस्ट 2012 पासून ती लागू होऊ लागली. काही धार्मिक संस्था, काही जुन्या योजना सुटल्या, त्यावर सुप्रीम कोर्टापर्यंत भांडणं झाली, तो इतिहास आज नको. त्या कलमाचा फायदा मात्र मोजता येतो. पुढे झालेल्या एका अभ्यासात दिसलं की गोळ्या घेणाऱ्या बाईचे वर्षाला सरासरी 255 डॉलर वाचले.

पण ते कलम विम्याला उद्देशून होतं, आणि माजी सैनिकांचं खातं, म्हणजे व्ही. ए., ही विमा योजना नाहीच. हे आपल्याकडच्या माणसाला चटकन समजतं, कारण आपल्याकडेही सरकार स्वतः दवाखाने चालवतं. व्ही. ए.ची इस्पितळं स्वतःची, डॉक्टर पगारी, औषधांची दुकानं स्वतःची, टपालाने औषधं पाठवायची व्यवस्थाही स्वतःची. विमा कंपनीला बांधणारं कलम तिथे पोचलंच नाही.

तिथे आधीपासून दुसराच कायदा होता. 1990 साली अमेरिकेला तूट कमी करायची होती, तेव्हा माजी सैनिकांनी तीस दिवसांच्या प्रत्येक औषधामागे दोन डॉलर भरावेत असं ठरलं. याला ते को-पे म्हणतात. दोनाचे 2002 मध्ये सात झाले, 2006 मध्ये आठ, 2010 मध्ये काही गटांसाठी नऊ. 2017 पासून तीन पायऱ्या आहेत: पाच, आठ आणि अकरा डॉलर, तेही दर तीस दिवसांना. तीन महिन्यांची औषधं एकदम घेतली तर तिप्पट. आठाच्या पायरीवरची गोळी वर्षभर घ्यायची म्हणजे 96 डॉलर, आपले आठ हजार रुपये धरा.

यातून सूट कोणाला? इथे जरा थांबू या, कारण या व्यवस्थेचं डोकं कसं चालतं ते इथे दिसतं. सैन्यातल्या नोकरीमुळे जे दुखणं जडलं त्याला टक्के दिले जातात. गुडघा गेला, इतके टक्के. कानात सतत आवाज येतो, इतके टक्के. पन्नास टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर सगळी औषधं फुकट. दहा ते चाळीस टक्के असतील तर डॉक्टरला भेटायची फी माफ, पण औषधाचे पैसे माफ नाहीत. फक्त त्या मान्य दुखण्याचं औषध फुकट. म्हणजे तीस टक्के अपंगत्व असलेली बाई तपासायला फुकट जाते, गुडघ्याची गोळी फुकट घेते, आणि गर्भनिरोधक गोळीचे पैसे भरते. कारण गर्भ राहू न देणं हे कुठल्याही दुखण्याच्या टक्केवारीत बसत नाही. यादी करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर गुडघे होते, पाठी होत्या, कान होते. माजी सैनिक म्हटलं की त्यांना पुरुषच दिसत होता.

एक उदाहरण देते, म्हणजे गोष्ट कागदावरून खाली उतरेल. फिट्स आणि मनाच्या काही आजारांवर व्हॅल्प्रोएट नावाचं औषध देतात. गरोदरपणात ते घेतलं तर बाळाच्या मणक्यात आणि मेंदूत दोष राहण्याची भीती बरीच असते. म्हणून मूल होऊ शकेल अशा वयाच्या बाईला हे औषध देताना डॉक्टर आधी विचारतात, गर्भनिरोधक काय वापरता? आता समजा, स्फोटात डोक्याला मार बसून एका बाईला फिट्स येऊ लागल्या. दुखणं नोकरीचं, म्हणून व्हॅल्प्रोएट फुकट. त्याच डॉक्टरने, त्याच टेबलावर, त्या औषधापायी लिहून दिलेलं गर्भनिरोधक मात्र कागदावर वेगळ्या रकान्यात जातं, आणि त्या रकान्यापुढे किंमत आहे.

आता कोणी म्हणेल, आठ डॉलरने काय होतंय? तिथे कॉफीला तेवढे जातात. हा प्रश्न तिथेही विचारला गेला. याचं उत्तर सेंट लुईस शहरातल्या एका मोठ्या प्रकल्पाने दिलं. 2007 ते 2011 या काळात 9,256 बायकांना सांगितलं गेलं की कुठलंही साधन घ्या, पैसे नाहीत. जवळजवळ तीन चतुर्थांश बायकांनी तांबी किंवा दंडात बसवायचं इम्प्लांट निवडलं, म्हणजे एरवी सुरुवातीलाच सगळ्यात महाग पडणारी साधनं. पैशाची अट उठली तेव्हा निवडच बदलली. (तिथल्या समुपदेशनाचा कल या साधनांकडेच होता, अशी टीकाही झाली आहे आणि ती गंभीरपणे घ्यायला हवी. फुकट देणं आणि गळ्यात मारणं यांतली रेघ कुठे असते हे आपल्याला शिकवायला नको. 1976 मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयक याच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून वाचलो.)

दुसरा अभ्यास थेट व्ही. ए.चाच आहे, 2019 चा. तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या देण्याऐवजी वर्षाच्या एकदम दिल्या तर काय होईल, याचं गणित पिट्सबर्गच्या संशोधकांनी मांडलं. गोळ्या घेणाऱ्या सुमारे 24 हजार माजी सैनिक बायका धरल्या, तर वर्षाला 583 नको असलेली गरोदरपणं टळतील आणि खात्याचेच जवळपास वीस लाख डॉलर वाचतील. हा अभ्यास को-पेचा नव्हता हे लक्षात ठेवा. पण हिशोबाचं तत्त्व तेच आहे. पाकीट संपलं, पुढचं यायला उशीर झाला, मधे चार दिवस गेले, तिथेच घोटाळा होतो. महिनाअखेरीला आठ डॉलर नाहीत म्हणून पाकीट पुढच्या आठवड्यावर ढकललं, तरी तेच चार दिवस.

यातली विसंगती मला खरी कळली ती जुना इतिहास वाचताना. आज हे सरकार सैनिक बाईला म्हणतं की गर्भ राहतो की नाही हा तुझा खासगी खर्चाचा प्रश्न. पंचवीस वर्षं हेच सरकार नेमकं उलटं म्हणत होतं. 1948 च्या कायद्याने बायकांना सैन्यात कायमची जागा मिळाली, आणि 1951 मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी आदेश काढला की गरोदर राहिलेल्या बाईला नोकरीतून काढता येईल. नुसती गरोदरच नव्हे, अठराखालचं मूल घरात असेल तरी.

1970 मध्ये सुझन स्ट्रक नावाची हवाई दलातली कॅप्टन व्हिएतनाममध्ये नर्स होती. तिला दिवस गेले. तिच्यापुढे दोन रस्ते ठेवले गेले: गर्भपात करून घे, नाहीतर नोकरी सोड. गर्भपात तिला तळावरच्याच इस्पितळात करून मिळाला असता. अमेरिकेत तो बहुतेक राज्यांत गुन्हा होता त्या काळात! स्ट्रक कॅथलिक होती. ती म्हणाली, माझी साठलेली रजा आहे, तेवढ्यात मी बाळंत होते, मूल दत्तक देते आणि परत कामावर येते. हवाई दल नाही म्हणालं. तिची बाजू मांडायला उभी राहिली रूथ बेडर गिन्सबर्ग, जी पुढे सुप्रीम कोर्टाची न्यायाधीश झाली. 1972 मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायचं ठरवलं, तेव्हा सरकारच्या वकिलाला अंदाज आला की हरणार. त्याने हवाई दलाला सुचवलं, बाईला ठेवून घ्या. ठेवून घेतलं आणि खटला तिथेच बंद झाला. निकाल लागलाच नाही. गिन्सबर्गबाई पुढे कितीतरी वर्षं म्हणत राहिल्या की मूल हवं की नको हे ठरवायच्या हक्काचा पहिला खटला म्हणून मला हाच हवा होता. गर्भपात नाकारणाऱ्या बाईचा खटला, जिला मूल जन्माला घालायचं होतं. निवड तिची असली पाहिजे, मुद्दा एवढाच. सक्तीने काढून टाकण्याचा तो नियम सत्तरीच्या मध्यावर गेला.

म्हणजे ज्या संस्थेने एके काळी या बायकांच्या पोटाचा हिशोब नोकरीच्या कागदात ठेवला, तिच्याच शेजारच्या खात्यात आज तो हिशोब "इतर औषधं" या सदरात पडतो.

आता हे सोडवायचं कसं? व्ही. ए.च्या मंत्र्याने सही केली की झालं, असं नाही. औषधाचे पैसे घ्यायचे हे संसदेने कायद्यात लिहिलेलं आहे, त्यामुळे सूटही संसदेनेच लिहायची. आणि संसद अशी सूट लिहिते, ही अशक्य गोष्ट नाही. 2016 मध्ये अफूजन्य औषधांच्या अतिसेवनाचा कायदा झाला, तेव्हा धोका असलेल्या माजी सैनिकांना नॅलोक्सोन हे जीव वाचवणारं औषध को-पेशिवाय द्यायची तरतूद झाली. मूलनिवासी माजी सैनिकांचा को-पे जानेवारी 2022 पासून माफ झाला.

गर्भनिरोधकांसाठी कॅलिफोर्नियाच्या प्रतिनिधी ज्युलिया ब्राउनली यांनी 2019 मध्ये विधेयक आणलं. त्या माजी महिला सैनिकांच्या प्रश्नांवरच्या संसदीय कृतिगटाच्या प्रमुख होत्या. विधेयक जेमतेम दोन पानांचं. को-पेच्या कलमात एक ओळ घालायची: गर्भनिरोधक साधनाला, औषधाला पैसे घेऊ नयेत. 2021 मध्ये ते पुन्हा मांडलं, जूनमध्ये प्रतिनिधी सभेने मंजूर केलं, आणि सिनेटमध्ये ते अडकलं. त्याच वर्षाच्या सुरुवातीला डेबोरा सॅम्पसन यांच्या नावाचा मोठा कायदा झाला होता. पुरुषाचा वेष घेऊन स्वातंत्र्ययुद्धात लढलेली ती बाई. त्या कायद्यात व्ही. ए.च्या दवाखान्यांत बायकांसाठी सोयी, होणाऱ्या छळाला आवर, असं पुष्कळ काही आहे. गोळीचा को-पे त्यात नव्हता.

यात पैसा आडवा आला असं मला वाटत नाही. देशाच्या खर्चात ही रक्कम शोधूनही सापडणार नाही. माझ्या मते, गर्भनिरोधक हा शब्द 2022 च्या आसपास तिथल्या राजकारणात इतका तापला की गुडघ्याच्या गोळीसारखी साधी तरतूदही कोणी हातात धरेना. त्या वर्षी जूनमध्ये गर्भपाताचा घटनात्मक हक्क गेला. पुढच्याच महिन्यात लष्कराच्या आरोग्ययोजनेने, म्हणजे ट्रायकेअरने, तांबी आणि इम्प्लांटसारख्या साधनांचे पैसे माफ केले. पण ट्रायकेअर सेवेतल्यांना, त्यांच्या कुटुंबांना आणि वीस वर्षं भरून निवृत्त झालेल्यांना. चार-सहा वर्षांनी बाहेर पडणाऱ्या बहुतेकींना ती नसते.

या बायका वीस लाखांवर आहेत, आणि माजी सैनिकांमध्ये सगळ्यात वेगाने वाढणारा गट त्यांचाच आहे. पायदळापासून सगळ्या लढाऊ जागा 2016 पासून त्यांना खुल्या झाल्या. त्या काळात भरती झालेल्या मुली आता तिशीत आहेत, नोकरीतून बाहेर पडतायत, आणि व्ही. ए.च्या औषधखिडकीवर नाव नोंदवतायत.