अवघड जागेचं दुखणं

पहाटेचे ३ वाजलेत. १४ वर्षांचा मुलगा कळवळून उठतो. "आई, पोट दुखतंय," एवढंच म्हणतो. एक उलटी होते. घरात कुणीतरी म्हणतं, अपचन असेल, सकाळी बघू. नेमकं कुठे दुखतंय, हे त्या मुलाला पक्कं ठाऊक आहे. आईसमोर ते बोलायचं कसं, हा त्याचा प्रश्न आहे.

त्याला दुखतंय ते वृषणात. हे समजायला आधी एक दोरी समजून घ्या. वृषण या दोरीला लोंबतो आणि त्याचं रक्त हिच्यातूनच येतं. काही जणांचा वृषण जन्मापासूनच पिशवीत सैल असतो, घंटेच्या लोलकासारखा. खेळताना, कधी चक्क झोपेतही, तो स्वतःभोवती फिरतो. दोरीला पीळ बसतो, रक्त अडतं.

साधारण ६ तासांच्या आत पीळ सोडवला, तर बहुतेक वेळा वृषण वाचतो. २४ तास उलटले, तर आशा फार थोडी उरते. गोळी घेऊन सकाळची वाट बघायची नाही, ती यासाठी. शस्त्रक्रियेत पीळ सोडवून वृषण टाक्यांनी जागेवर बसवतात. दुसऱ्या बाजूलाही टाके घालतात, कारण तोही तसाच सैल असू शकतो.

आणि एक सांगायलाच हवं. 'पोट दुखतंय' म्हणणारा मुलगा खोटं बोलत नसतो. गर्भात वृषण पोटात, मूत्रपिंडांजवळ तयार होतात आणि मग खाली उतरतात. त्यांचे मज्जातंतू वरूनच येतात, म्हणून कळ ओटीपोटात जाते. उलट मुतखड्याची कळ खाली वृषणात उतरते, तीही याच वाटेनं.

दुखणं दरवेळी पिळाचंच असतं असं नाही. एक-दोन दिवसांत हळूहळू वाढलेलं दुखणं, सूज, ताप, लघवीला जळजळ, असं असेल तर बहुधा जंतुसंसर्ग. तरुणांमध्ये तो अनेकदा लैंगिक संबंधांतून येतो. मग जोडीदारालाही उपचार लागतात. वयात आलेल्यांना गालगुंडानंतर काही दिवसांनी वृषणाला सूज येऊ शकते. बराच वेळ उभं राहिल्यावर, बहुधा डाव्या बाजूला, ओढल्यासारखं दुखतं आणि आडवं झालं की हलकं वाटतं, तेव्हा फुगलेल्या शिरा असतात. त्यात घाई नसते. हर्नियाचा फुगा मात्र आत जाईना आणि उलट्या होऊ लागल्या, तर लगेच निघा. मार लागून तासाभरानंतरही कळ ओसरली नाही, तरीही.

अचानक उठलेली कळ आपोआप थांबली, तरी डॉक्टरांना दाखवा. पीळ बसून सुटलेला असू शकतो आणि पुन्हा बसू शकतो. आणि न दुखणारी कडक गाठ लागली, तर दुखत नाही म्हणून सोडून देऊ नका. वृषणाचा कर्करोग बहुतेकदा दुखतच नाही आणि तो तरुणांनाही होतो. वेळेत सापडला, तर बहुतेक जण पूर्ण बरे होतात.

दवाखान्यात निघताना काही खाऊ-पिऊ नका. भूल द्यावी लागू शकते. पोचल्यावर पहिल्याच वाक्यात सांगा: वृषणात दुखतंय, आणि किती वाजल्यापासून.

आई मुलाच्या शेजारी बसते. हळूच विचारते, "खाली दुखतंय का रे?"

तो मान हलवतो. घड्याळात सव्वातीन झालेत.