कंत्राटी कामगाराची तक्रार आणि तिची तारीख

सरकारी कार्यालयाला सफाईसाठी, पहाऱ्यासाठी किंवा संगणकावर नोंदी करण्यासाठी माणसे पुरवण्याची निविदा उघडली जाते, तेव्हा सर्वांत कमी दराच्या ठेकेदाराने सेवाशुल्काच्या, म्हणजे स्वतःच्या मोबदल्याच्या, रकान्यात अनेकदा शून्याला टेकलेला आकडा भरलेला असतो. ही चित्रफीत सोलापुरात कामगार कायद्याची वकिली करणाऱ्या एका वकीलबाईंच्या कामाविषयी आहे. पक्षकारांची ओळख उघड होऊ नये म्हणून त्यांचे नाव येथे घेतलेले नाही. निविदेचा असा कागद हाती आला की त्या आधी हिशेब मांडतात. ठरलेल्या मर्यादेतील वेतनावर भविष्य निर्वाह निधीचा मालकाचा वाटा विमा व प्रशासकीय आकारासह 13 टक्के, ई.एस.आय.चा (कर्मचारी राज्य विम्याचा) 3.25 टक्के आणि किमान बोनस 8.33 टक्के, म्हणजे किमान वेतनाखेरीज जवळपास 25 टक्के रक्कम ठेकेदाराला खर्चावीच लागते. एवढा खर्च करून जो स्वतःसाठी काहीच मागत नाही, त्याचा नफा येतो कुठून? या प्रश्नाचे उत्तर बहुधा हजेरीपटात सापडते.

हजेरीपटावर कधीही कामाला न आलेल्यांची नावे असतात. पगार बँकेत जमा होतो, पण एटीएम कार्ड मुकादमाकडे असते, किंवा दुसऱ्याच दिवशी ठरावीक रक्कम रोखीने परत द्यावी लागते. निधीची कपात पगारपत्रकात दिसते आणि पासबुकात दिसत नाही. हे सर्वांत आधी ज्याच्या लक्षात येते, तो हजेरी लिहिणारा कारकून किंवा सुपरवायझर स्वतःही त्याच ठेकेदाराच्या पटावर असतो. सार्वजनिक पैशाची चोरी उघड करण्याचा भार अशा रीतीने व्यवस्थेतील सर्वांत कच्च्या नोकरीवर येऊन पडतो, आणि ही अन्यायाची गोष्ट आहे.

अशा जागल्यांच्या, म्हणजे आतला गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा आपल्याकडे कागदावर आहे. राष्ट्रीय महामार्गाच्या कामातील गैरव्यवहार पंतप्रधान कार्यालयाला पत्राने कळवणारे अभियंते सत्येंद्र दुबे यांची 2003 मध्ये गया येथे हत्या झाली. त्यानंतर 2004 मध्ये केंद्राने एक ठराव करून अशा तक्रारी गोपनीय ठेवण्याची जबाबदारी केंद्रीय दक्षता आयोगाकडे दिली. तक्रारदाराने नाव द्यावे लागते, पण आयोग ते उघड करत नाही. मात्र ही सोय केंद्र सरकार आणि त्याच्या उपक्रमांपुरती आहे, आणि नगरपालिकेच्या किंवा जिल्हा पातळीवरच्या ठेक्याला ती लागू होत नाही. 2014 मध्ये संसदेने जागल्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा संमत केला, पण तो प्रत्यक्षात अंमलात आणला गेला नाही.

म्हणून वकीलबाई आपल्या पक्षकाराचे संरक्षण कामगार कायद्यात शोधतात, आणि तेथे सगळा भर तारखांवर असतो. संतापलेला कामगार येतो आणि उद्याच साहेबांना सगळे सांगून टाकतो म्हणतो, तेव्हा त्या त्याला थांबवतात. तोंडी सांगितलेल्या तक्रारीनंतर नोकरी गेली, तर तक्रार झाली होती हे सिद्ध करणेच अवघड होते. आधी स्वतःचे ओळखपत्र, बँकेचा उतारा आणि निधीचे पासबुक गोळा करायचे. कार्यालयाचा मूळ कागद घरी न्यायचा नाही, कारण चोरीच्या आरोपाखाली सगळी तक्रार गाडली जाते. जे पाहिले ते तारीखवार वहीत लिहायचे, आणि बिलांसोबत जोडलेले हजेरीपट माहिती अधिकारात किंवा न्यायालयामार्फत मागवायचे. नंतर लेखी तक्रार देऊन तिच्या प्रतीवर शिक्का व तारखेसह पोच घ्यायची. पुढे काही दिवसांतच त्याला कामावरून काढले, तर राज्याच्या 1971 च्या अनुचित कामगार प्रथा प्रतिबंधक कायद्याखाली, सूडबुद्धीने किंवा उघडउघड खोट्या कारणाने काढले म्हणून 90 दिवसांत न्यायालयात जाता येते, आणि अंतरिम आदेशही मागता येतो. त्या वेळी पोचेवरची तारीख आणि काढल्याची तारीख यांतले अंतर कोणत्याही साक्षीदारापेक्षा अधिक बोलते.

सोलापुरात साक्ष नोंदवताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. पूर्व भागातील सफाई कामगार स्त्री घरी तेलुगू बोलते, अक्कलकोटकडून आलेला पहारेकरी कन्नड बोलतो, आणि प्रतिज्ञापत्र मराठीत असते. उलटतपासणीत ‘यात काय लिहिले आहे?’ असा प्रश्न आला आणि तिला सांगता आले नाही, तर खरा मजकूरही संशयास्पद ठरतो. म्हणून प्रत्येक परिच्छेद तिच्या भाषेत वाचून दाखवायचा आणि तसे केल्याची नोंद खाली करायची, हा त्यांच्या कचेरीचा नियम आहे. अंगठा उठवून घेऊन काम उरकणे त्यांना मान्य नाही.

वेतनाच्या थकबाकीचा दावा तुलनेने सोपा आहे. जुन्या किमान वेतन कायद्यात दाव्याला सहा महिन्यांची मुदत होती. 21 नोव्हेंबर 2025 रोजी लागू झालेल्या वेतन संहितेत ती तीन वर्षे आहे, आणि रक्कम दिली हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे.

खरी कोंडी होते ती ठेका संपल्यावर. त्या वेळी कोणी कोणाला काढत नाही. नवा ठेकेदार येतो, सर्व जुनी माणसे घेतो, आणि तक्रार करणाऱ्याचे नाव तेवढे गळते. ठेका पद्धत बंद झाली तरी कामगार आपोआप मूळ मालकाच्या, म्हणजे ठेका देणाऱ्या कार्यालयाच्या, सेवेत जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये स्टील अथॉरिटी या सरकारी पोलाद कंपनीच्या खटल्यात ठरवले. मूळ मालकाशी कामगाराचे नातेच वादात असेल, तर 1971 च्या कायद्याखालील न्यायालयाला ते ठरवता येत नाही, असे त्याच वर्षी सिप्ला या औषध कंपनीच्या खटल्यातील निकालाने स्पष्ट केले. त्यामुळे नव्या ठेकेदाराला जाब विचारायला नाते नसते आणि कार्यालयाला जाब विचारायला अधिकार नसतो.

यावर न्यायालयाबाहेरच काही करता येईल, असे वकीलबाईंचे मत आहे. ज्या ठेकेदारांना नियमाने काम करायचे आहे आणि जे कमी दराच्या स्पर्धेत मागे पडतात, त्यांनाही त्या सल्ला देतात. कार्यालयांकडे त्यांचा आग्रह निविदेतील दोन अटींसाठी आहे. वैधानिक खर्च भागणार नाही असा दर उघडतानाच बाद करावा, आणि ठेका बदलताना आधीच्या कामगारांना, विशेषतः ज्यांची लेखी तक्रार प्रलंबित आहे त्यांना, पुढे घेणे नव्या ठेकेदारावर बंधनकारक करावे.