वाळवंटातला गड आणि नळाचं पाणी

श्रोतेहो, नमस्कार. ग्वाल्हेरकरांना किल्ल्याचं कौतुक बाहेरच्यांनी काय सांगावं! शहराच्या मध्यावरच्या बाड्यावरून निघालं की गड कुठून ना कुठून दिसतोच. पण आपला गड वर आणि आपण खाली. १८१० साली दौलतराव शिंद्यांची छावणी पायथ्याशी पडली, तिचंच आपलं 'लष्कर' हे शहर झालं. जैसलमेरला मात्र गडातच गाव आहे. आजही तिथे हजारोंनी माणसं राहतात, देवळात घंटा वाजतात, गल्लीत गाई आडव्या बसतात.

भाटी राजपुतांची जुनी राजधानी लोद्रवा, सपाटीवरची. ती सोडून रावळ जैसलने ११५६ मध्ये त्रिकूट टेकडी निवडली. टेकडी जेमतेम अडीचशे फुटांची, पण सपाट वाळवंटात तेवढीही पुष्कळ. तटाला नव्व्याण्णव बुरूज. दगड पिवळा, संध्याकाळी ऊन कललं की सोन्यासारखा झळकतो, म्हणून 'सोनार किल्ला'.

पैसा आला तो उंटांच्या तांड्यांवरून. सिंधकडे जाणारा माल इथून जाई, जकात राजाला आणि नफा सावकारांना. त्या नफ्यातून गडाखाली हवेल्या उठल्या. पटवा या व्यापारी घराण्याच्या तर एका रांगेत पाच. झरोके नुसते शोभेचे नाहीत हं! जाळीतून ऊन अडतं आणि वारा आत येतो. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरच्या घराची सावली आपल्या भिंतीवर पडते. जाळीकाम आपल्याला नवं नाही, आपल्या ग्वाल्हेरात सूफी संत महंमद घौसच्या कबरीवर पाहिलंच आहे. दिवाण नथमलची हवेली दोन कारागीर भावांनी डावी-उजवी वाटून घेऊन कोरली असं सांगतात. लांबून दोन्ही बाजू सारख्या, जवळ गेलं की नक्षी वेगळी. मला पटव्यांपेक्षा हीच जास्त आवडते.

पुढे मुंबई बंदराने व्यापार ओढला, १९४७ मध्ये सीमा आली आणि उंटांची वाट संपली.

आता मुद्द्याची गोष्ट. वर्षाला पंधरा-वीस सेंटिमीटर पावसाचा हा मुलूख. पाणी खालच्या गडीसर तलावातून डोक्यावरून वर चढायचं, त्यामुळे थेंबन् थेंब मोजून वापरला जाई. मग नळ आले, पाठोपाठ हॉटेलं आणि खोलीगणिक न्हाणीघर. सांडपाणी मुरू लागलं ते थेट टेकडीच्या पोटात. ग्वाल्हेरसारखा कणखर कातळ तिथे नाही; ठिसूळ वालुकाश्माखाली मातीचे थर आहेत, ओले झाले की फुगतात नि सरकतात. तट खचले, बुरुजांना तडे गेले. १९९६ मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने हा किल्ला धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत घातला. २०१३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशातही तो आला, पण मुरणारं पाणी यादी वाचून थांबत नाही.

तेव्हा थंडीत जैसलमेरचा बेत असेल, तर गड दिवसभर मनसोक्त हिंडा, जैन मंदिरं सकाळीच पाहून घ्या, आणि मुक्कामाची खोली मात्र खाली गावात घ्या.

नमस्कार.