कॅमेऱ्याआधी यादीबद्दल विचारा

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘चेहरा ओळखणारी यंत्रं आणि नागरिकांचं स्वातंत्र्य’. कायद्याचा भाग शेवटी घेतो. आधी आमच्या सोसायटीच्या फाटकावर जाऊ, कारण आज जे सांगायचंय ते मला तिथेच सुचलं.

फाटकावर एक टॅबलेट बसवला. धुणीभांडी करणाऱ्या मावशी, स्वयंपाकाच्या ताई, गाड्या पुसणारी मुलं यांनी त्याच्यासमोर उभं राहायचं, चेहरा जुळला की आडवा दांडा वर जातो. फाटक पूर्वेला. सकाळी सातच्या सुमारास आत येणाऱ्याच्या पाठीवर ऊन आणि चेहरा अंधारात. त्यात टॅबलेट लावलेला वॉचमनच्या खांद्याच्या उंचीवर. आमच्या मावशी बुटक्या. पदर मागे सारायचा, टाचा उंचावायच्या, मान वर करायची, तरी पडद्यावर ‘पुन्हा प्रयत्न करा’. मागे रांग वाढत जाते. पहिल्या घरच्या बाईंना साडेसातला ऑफिस गाठायला निघायचं असतं, त्या वर गॅलरीतून हाक मारतात. उशीर यंत्रामुळे झाला, हे घरोघरी सांगत बसायचं मात्र मावशींनीच.

सर्वसाधारण सभेत मी उभा राहिलो आणि विचारलं, रहिवाशांचे चेहरे यात का नाहीत? सेक्रेटरी म्हणाले, “अहो, आपण इथे राहतो!” बरेच जण हसलात, म्हणजे टॅबलेट तुमच्याकडेही पोचलेला दिसतो. पुढे विचारलं, काम सोडून गेलेल्या बाईचा फोटो कधी पुसतात? कुणालाच ठाऊक नव्हतं. करारनामा मागवला. त्यात दांड्याची वॉरंटी होती, दुरुस्तीला माणूस किती तासांत येईल तेही होतं. चेहऱ्यांबद्दल एक ओळ नव्हती. फोटो कंपनीच्या सर्व्हरवर, आणि सर्व्हर कुठे आहे ते सभेत एकालाही सांगता येईना. मावशींना तर कुणी विचारलंच नव्हतं. नाही म्हणण्याची सोय त्यांना नव्हती, नाही म्हटलं तर काम गेलं.

माझा मुद्दा इथे आहे. आपण कॅमेऱ्यावर भांडतो. पण यंत्राला माणूस कळत नाही. ते चेहऱ्याचे आकडे करतं, जवळच्या यादीतल्या आकड्यांशी ताडतं आणि किती जुळलं ते सांगतं. म्हणून विचारायचं ते यादीबद्दल. कुणाला घातलं, कुणी घातलं, आणि नाव काढायचं तर अर्ज कुणाकडे करायचा?

या प्रांताला अशी यादी नवी नाही. 1871 चा इंग्रजांचा गुन्हेगार जमाती कायदा आठवा, 1911 च्या कायद्याने तो इकडेही आला. पारधी, कैकाडी अशा जातींच्या माणसांची नावनिशी नोंद व्हायची, ठरल्या वेळी हजेरी, गाव सोडायचं तर परवानगी. त्याच 1911 च्या कायद्याने नोंदलेल्यांच्या बोटांचे ठसे घेण्याचा अधिकारही दिला. गुन्हा केला की नाही हा प्रश्नच नव्हता, जन्म पुरेसा होता. सोलापुरात या जमातींना डांबून ठेवलेल्या वसाहतीच्या भागाला लोक आजही सेटलमेंट म्हणतात. कायदा 31 ऑगस्ट 1952 ला रद्द झाला, पण गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पारध्यांच्या पालावर जाते, हे या सभागृहात कुणाला नव्याने सांगायला नको. आता ज्याला वारंवार उचलतात, त्याचा फोटो पोलिसांच्या संग्रहात वारंवार जाणार. 2022 च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्यानुसार ही नोंद 75 वर्षं ठेवता येते. उद्या बसस्टँडवरचा कॅमेरा कुणाचा चेहरा शोधेल? जो संग्रहात आहे त्याचाच. जुना संशय नव्या यंत्रात जसाच्या तसा उतरतो, आणि वर ‘कॉम्प्युटरने सांगितलं’ असा शिक्का बसतो. माझा खरा राग यावर आहे.

एक फरक मात्र नीट समजून घ्या. तुमचा फोन तुमचा चेहरा तुमच्याच एका नोंदीशी ताडतो. चौकातला कॅमेरा प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याला अख्ख्या यादीशी ताडतो. समजा यंत्र हजारात एकदाच चुकतं. ज्या स्टेशनावरून दिवसाला लाखभर माणसं जातात, तिथे रोज शंभर निरपराध माणसं अडवली जातील.

चिठ्ठी आली, दहाच मिनिटं उरलीत. मग कायदा भराभर सांगतो.

24 ऑगस्ट 2017, पुट्टस्वामी खटला. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. सरकारला त्यात हात घालायचा तर कायद्याचा आधार हवा, उद्देश रास्त हवा, आणि उपाय उद्देशाच्या प्रमाणात हवा. पोलिसांनी रस्त्यावर चेहरे ताडावेत की नाही, कसे ताडावेत, हे सांगणारा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. म्हणजे पहिल्याच पायरीवर अडतं.

2023 चा डेटा संरक्षण कायदा आहे, पण त्याचं कलम 17 केंद्राला मुभा देतं की सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी हव्या त्या सरकारी यंत्रणेला अधिसूचना काढून वगळावं.

दिल्ली पोलिसांनी हरवलेली मुलं शोधायला हे तंत्रज्ञान घेतलं. 2018 मध्ये उच्च न्यायालयात अचूकता सांगितली गेली 2 टक्के. हरवलेलं मूल शोधायला माझी कधीच हरकत नाही, पण त्याच दिल्लीत दंगलीनंतर 11 मार्च 2020 ला गृहमंत्र्यांनी लोकसभेत सांगितलं की अकराशेहून अधिक जण याच मार्गाने ओळखले, आणि त्यासाठी मतदार ओळखपत्रं आणि वाहन परवान्यांची माहिती वापरली. इथे यादी कुणाची झाली बघा. लायसन्स काढताना आरटीओत काढलेला तुमचा फोटो. अमेरिकेत डेट्रॉइटच्या पोलिसांनी रॉबर्ट विल्यम्स यांना 2020 मध्ये चुकून घड्याळचोर समजून त्यांच्या मुलींसमोर बेड्या घातल्या. दुकानातलं चित्रण अंधुक होतं, आणि यंत्राने ते जुळवलं त्यांच्या जुन्या लायसन्सच्या फोटोशी.

हैदराबादेत सामाजिक कार्यकर्ते एस. क्यू. मसूद यांना मे 2021 मध्ये रस्त्यात थांबवून पोलिसांनी मास्क काढायला सांगितला. त्यांनी नकार दिला, तरी फोटो काढला गेला. चेहरा ओळखणाऱ्या यंत्रांच्या वापराविरुद्ध ते तेलंगण उच्च न्यायालयात गेले.

तुम्ही काय करू शकता? माहिती अधिकार. दिल्ली पोलीस 80 टक्क्यांच्या वरचं साम्य ‘जुळलं’ असं धरतात, हे 2022 मध्ये अशाच अर्जातून बाहेर आलं. अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प पुरतो. आपल्या पोलीस आयुक्तालयाला विचारा, कोणत्या आदेशाने, कोणत्या यादीशी, किती टक्क्यांवर, आणि नाव वगळायची पद्धत काय. नव्या डेटा कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम 8 मध्येही बदल केलाय, तेव्हा कुणाची वैयक्तिक माहिती मागू नका, आदेश आणि नियम मागा. मसुदा छापून आणलाय, दाराजवळच्या टेबलावर आहे. आणि सोसायटीच्या सभेत मी विचारलेले प्रश्न तुम्हीही विचारा, त्याला स्टॅम्प लागत नाही.

युरोपचा कायदा राहिलाच, तो प्रश्नोत्तरांत घेऊ. मागच्या रांगेतल्या ताईंनी मघापासून हात वर केलाय, माइक आधी त्यांच्याकडे द्या.