सिबिलचा आकडा झाला, आता पानं उघडा

नमस्कार मंडळी. हातातलं काम चालू राहू द्या, फक्त कान इकडे द्या.

मी बरीच वर्षं बँकेत लोनच्या टेबलावर बसले, आणि समोर येणारा प्रत्येक माणूस आधी एकच विचारायचा, मॅडम माझं सिबिल किती? म्हणजे तुम्ही कर्ज कसं फेडता त्यावरून ठरणारा तो ३०० ते ९०० मधला आकडा. ७५० च्या वर निघाला की खूश, ६०० निघाला की तोंड एवढंसं. पण त्या आकड्याच्या मागे तुमच्या कर्जांच्या नोंदींची पानं असतात हो, म्हणजे क्रेडिट रिपोर्ट, ती कुणी उघडतच नाही. आणि तुमच्या नावावर दुसऱ्याच कुणी कर्ज उचललं असेल तर ते आधी त्या पानांवर दिसतं, आकडा पडतो तो नंतर.

माझ्या मावसभावाचंच सांगते. नाशिकला अंबडमध्ये कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो, आयुष्यात एक मोबाईल हप्त्यावर घेतला तेवढंच काय ते कर्ज, तोही वेळेत फेडला. गाडी घ्यायला शोरूमला गेला तर सेल्समननं फाईल परत दिली, म्हणाला दादा तुमचं सिबिल बसत नाही. तो घरी आला तो सरळ माझ्याकडे, सिडकोत, रात्री साडेनऊला, जेवलेलाही नव्हता. आम्ही रिपोर्ट डाउनलोड केला, खालच्या दुकानातून प्रिंट काढून आणली आणि ओट्यावरच पानं मांडली. चार कर्जं निघाली. ८ हजार, १२ हजार, अशी छोटी छोटी, सगळी ॲपवाली, आणि चारही थकलेली. मी लाल पेन घेतलं आणि त्याला म्हटलं कर्जांकडे नंतर बघू, आधी पहिलं पान बघ. तिथे मोबाईल नंबर तीन होते, त्यातला त्याचा एकच. पत्ते दोन, त्यातला एक अशा शहरातला जिथे तो कधी गेलेलाही नाही. वहिनी मागे उभी होती, ती म्हणाली अहो हा पत्ता कुणाचा? तिथेच सगळं कळलं.

म्हणून मी सांगते, रिपोर्ट हातात आला की नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ता, फोन, ईमेल, हे आधी एकेक ओळ बोट ठेवून वाचा. परका फोन नंबर दिसला तर तो साधा घोळ समजून सोडू नका, कारण आता रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कुणी तुमचा रिपोर्ट तपासला की तुम्हाला मेसेज किंवा मेल यायला हवा, आणि फाईलवर नंबरच चोराचा असेल तर तो मेसेज जाणार कुणाला? त्यानंतर एन्क्वायरीचा भाग बघा. कुठल्या बँकेनं किंवा फायनान्स कंपनीनं कधी चौकशी केली ते तिथे तारखेनं असतं. भावाच्या रिपोर्टमध्ये एकाच दिवशी सात चौकश्या होत्या, सात! त्या दिवशी त्याची सेकंड शिफ्ट होती. तुम्ही स्वतः रिपोर्ट काढला तर त्यानं स्कोअर कमी होत नाही, ही भीती खूप लोकांच्या मनात असते, ती काढून टाका.

आता प्रत्येक अनोळखी नाव म्हणजे फसवणूकच असं नाही, घाबरून जाऊ नका. तुम्ही खरेदीच्या ॲपवर "आत्ता घ्या नंतर भरा" केलं असेल तर रिपोर्टमध्ये ॲपचं नाव न येता मागच्या फायनान्स कंपनीचं नाव येतं. देना बँकेचं जुनं कर्ज असेल तर २०१९ ला ती बँक ऑफ बडोदात गेली, तेच नाव दिसणार. मित्राला जामीन राहिला असाल तर त्याचं कर्जही तुमच्या फाईलवर येतं. आणि कधीकधी वडील-मुलाची, चुलतभावांची नावं सारखी असली की एकाचं दुसऱ्याला चिकटतं. हे सगळं तपासा, आणि तरीही उरलं ते मात्र तुमचं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वसुलीचा फोन येतो, पलीकडचा माणूस दरडावतो आणि मग एकदम गोड होतो, म्हणतो साहेब ८ हजारच आहेत, ५ हजार भरा, विषय संपवून टाकतो. कृपा करून भरू नका. एक रुपयासुद्धा नको. भरलात की कर्ज तुम्हीच घेतलं होतं असं म्हणायला त्यांना जागा मिळते, आणि वरून फाईलवर "सेटल्ड", म्हणजे पूर्ण न फेडता तडजोडीनं मिटवलं, असा शेरा बसतो तो पुढची अनेक वर्षं होमलोनच्या वेळी आडवा येतो. माझा भाऊ भरायलाच निघाला होता, इज्जतीसाठी, शेजारीपाजारी कळू नये म्हणून, मी हात धरून थांबवला. आणि हो, थकबाकीच्या वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही, रिझर्व्ह बँकेचं तसं बंधन आहे. फोन आला तर एकच वाक्य, हे कर्ज माझं नाही, जे काय ते लेखी पाठवा.

आपणही लेखीच करायचं. भारतात कर्जांची नोंद ठेवून हा रिपोर्ट देणाऱ्या चार कंपन्या आहेत, सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क, आणि कर्ज देणारे चौघींनाही माहिती देतात, म्हणून एकीकडे दुरुस्त झालं म्हणजे झालं असं नाही. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, त्यासाठी कुणा एजंटला पैसे देऊ नका. ऑनलाइन डिस्प्यूट, म्हणजे नोंद चुकीची असल्याची तक्रार, टाकायचा, त्याचे पैसे लागत नाहीत. पण या कंपन्या आपल्या मनानं नोंद पुसत नाहीत, कर्ज देणाऱ्यानं हो म्हणावं लागतं, म्हणून त्या फायनान्स कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला त्याच दिवशी वेगळा मेल. त्यात फक्त "मी घेतलं नाही" लिहून भागत नाही, मागा. कर्जाचा अर्ज दाखवा, केवायसीला लावलेला फोटो दाखवा, ओटीपी कुठल्या नंबरवर गेला ते सांगा, आणि पैसे कुठल्या खात्यात टाकले ते सांगा. हा शेवटचा प्रश्न फार जोरदार आहे, कारण डिजिटल कर्जाचे पैसे, थोडे अपवाद सोडले तर, कर्जदाराच्याच बँक खात्यात जायला हवेत असा नियम आहे. भावाचं पासबुक आम्ही जोडलं, त्यात असा एक रुपया आलेला नव्हता.

सोबत पोलिसांत तक्रार हवीच, १९३० ला फोन किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर, नाहीतर जवळच्या पोलीस स्टेशनला. दुसऱ्याची ओळख वापरणं हा आयटी कायद्याच्या कलम ६६सी खाली गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत शिक्षा. तक्रारीचा नंबर मिळेल तो प्रत्येक मेलमध्ये टाकायचा. रिपोर्टच्या आणि फायनान्स कंपन्यांकडे केलेली तुमची तक्रार ३० दिवसांत निकालात निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी, हा नियम २०२४ च्या एप्रिलपासून लागू आहे. तरीही ढिम्म बसले तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, फोन १४४४८.

कागद बाहेर कसे जातात ते एकदा सीबीएस बसस्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात उभं राहून बघा. दुकानदार म्हणतो या नंबरवर पाठवा, आणि आपण आधार-पॅन सरळ त्याच्या व्हॉट्सॲपवर टाकतो, आणि स्क्रीनवर आपल्या वर दहा लोकांचे आधार दिसत असतात. दुकानदार भला माणूस असेल, पण तो कॉम्प्युटर दिवसभर उघडा असतो. प्रिंट हातात आली की तिथेच उभं राहून फोटो दोन्हीकडून डिलीट करा. जिथे चालतं तिथे मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात. झेरॉक्सवर आडवं लिहा, अमुक कामासाठी, तारीख, सही. आणि सरकारच्या संचार साथी या वेबसाइटवर जाऊन आपल्या नावावर किती सिमकार्ड आहेत ते बघा. भावाच्या नावावर एक जास्तीचं निघालं, आणि ते रिपोर्टवरच्या परक्या नंबरांपैकीच होतं.

त्याचे कागद नेमके कुठून गेले ते शेवटपर्यंत नक्की कळलं नाही. खोली भाड्यानं घेताना एका एजंटला फोटो पाठवले होते, एवढंच त्याला आठवतं. चारपैकी तीन कर्जं २६ व्या दिवशी फाईलवरून गेली. चौथ्या कर्जवाले नुसतं "तपास चालू आहे" म्हणत राहिले, तेव्हा ३१ व्या दिवशी सकाळी तो माझ्याकडे आला, रात्रपाळी करून, डोळे लाल, आणि आम्ही दोघांनी बसून दुसरा मेल लिहिला, त्यात पहिली ओळ हीच टाकली की आजपासून रोजचे १०० रुपये. नवव्या दिवशी नोंद निघाली, आणि ९०० रुपये त्याच्या खात्यात आले.