पुस्तकातला हात आणि तुमचा हात

नमस्कार मंडळी. आज जरा तुमच्याकडून काम करून घेणार आहे, म्हणजे गाडी चालवत असाल किंवा कढईत काही तळत असाल तर नंतर करा, बाकीच्यांनी एक हात तळवा वर करून मांडीवर ठेवा, अंगठा आणि करंगळीची टोकं एकमेकांना टेकवा आणि तसंच धरून मनगट थोडं आपल्याकडे वाकवा. मनगटाच्या बरोबर मधे कातडीखालून काही ताठ उठून आलं का? आलं असेल तर ते पामॅरिस लॉंगस नावाच्या स्नायूचं टेंडन, म्हणजे स्नायूच्या टोकाची ओढणारी दोरी. नसेल आलं तरी घाबरू नका, तुम्हाला काहीही झालेलं नाही, तो स्नायू तुमच्यात बहुतेक जन्मापासूनच नाहीये. आता दुसरा हात बघा, कारण एका हाताला आहे आणि दुसऱ्याला नाही असंही सर्रास असतं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, हाताचेच पेशंट बघते, आणि ही टेस्ट करायला लावली की लोकांचा चेहरा पडतो, मॅडम माझ्यात काहीतरी कमी आहे का म्हणून. कमी काही नाही. पाश्चात्त्य पुस्तकांत शंभरातल्या 15 जणांना हा स्नायू नसतो असं छापलेलं असतं, पण तो आकडा सगळीकडे लागू होत नाही, चिनी लोकांत तो पाचाच्या आसपास सापडलाय, तुर्कस्तानात पंचवीसच्या वर. आणि नसला म्हणून मुठीची ताकद जाणवण्याइतकी कमी होत नाही, बादली उचलता येते, बरणीचं झाकण उघडतं, सगळं होतं.

मग डॉक्टर लोकांना त्याचं एवढं काय पडलंय? तर तो काढून घेतला तरी चालतं, म्हणूनच तो सर्जनचा लाडका. कुणाचं बोटाचं टेंडन तुटलं, मधला तुकडा कमी पडतोय, तर हे लांब, बारीक, हाताशीच असलेलं टेंडन काढून तिथे बसवतात. आपल्याकडे याचा एक फार मोलाचा उपयोग कुष्ठरोगात झाला. त्या आजारात हाताची नर्व्ह, म्हणजे संवेदना आणि हालचालीचे निरोप नेणारी नस, मरते आणि बोटं आत वळून वाकडी राहतात. वेल्लोरला 1946 मध्ये आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी टेंडनची जागा बदलून अशी बोटं सरळ करायच्या सर्जरी केल्या, आणि मुंबईत जे. जे. हॉस्पिटलात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा करणाऱ्या डॉ. नोशीर अँटिया यांनी त्यासाठी हाच पामॅरिस वापरला, त्याला पुढे जोड देऊन चार फाटे काढायचे आणि ते चार बोटांना बसवायचे. ज्याच्याकडे पामॅरिस नाही त्याच्यासाठी अर्थात दुसरा स्नायू शोधायचा. आणि जोडायला तुकडा हवा म्हणून पोटरीतल्या प्लांटारिसकडे जावं तर गंमत अशी की तोही काही जणांना नसतो!

पण खरी भीती वेगळीच आहे. या टेंडनच्या लगेच खाली मीडियन नर्व्ह असते, अंगठा आणि त्याच्या शेजारच्या बोटांची संवेदना जिच्यावर आहे ती. पामॅरिस नसलेल्या हातात तो शोधायला गेलं तर मधोमध पांढरट लांबट असं पहिलं काय सापडणार, तर नर्व्ह. आणि टेंडन समजून चक्क ती नर्व्ह कापून काढल्याच्या केसेस वैद्यकीय जर्नल्समध्ये छापून आल्यात. म्हणून पेशंट जागा असताना, भूल द्यायच्या आधी, हीच करंगळी-अंगठ्याची टेस्ट करून पेनाने खूण करून ठेवायची असते. दोन मिनिटांचं काम आहे हो, पण त्यावर एका माणसाचा हात अवलंबून असतो.

आता अंगठ्याकडे येऊ, कारण हे दुखणं घरोघरी आहे. नवी आई, बाळाला काखेत धरून दिवसातून किती वेळा उचलतेय, आणि अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या कडेला अशी कळ येते की चहाचा कप सुटतो. कपडे पिळणाऱ्यांना, कणीक तिंबणाऱ्यांनाही होतं. स्विस सर्जन फ्रिट्झ द क्वेर्वां यांनी 1895 मध्ये हे लिहून ठेवलं, म्हणून त्यांच्याच नावाने ओळखतात. नेफ्यातून नाडा जातो ना, तसे मनगटाच्या मागे सहा नेफे आहेत आणि त्यातून टेंडन सरकतात. अंगठ्याकडचा पहिला नेफा जाड होतो, नाडा अडकतो, दुखतं. पुस्तकातल्या चित्रात या नेफ्यात दोन टेंडन असतात, एक अंगठा बाजूला नेणारं, एक तो सरळ करणारं. प्रत्यक्षात पहिल्याचेच दोन-दोन, तीन-तीन, कधी त्याहून जास्त पदर असतात, आणि बऱ्याच जणांत नेफ्याच्या मधे एक उभी शिवण असते, म्हणजे दुसरं टेंडन आपल्या वेगळ्या खोलीत बंद.

याने काय होतं बघा. इंजेक्शन दिलं, ते शिवणीच्या अलीकडे गेलं, पलीकडे पोचलंच नाही, दुखणं तसंच. पेशंट म्हणते इंजेक्शनचा गुण नाही, शेजारीण म्हणते डॉक्टर बदल. मग ऑपरेशन होतं, नेफा उघडतात, आत दोन टेंडन दिसतात, झालं काम म्हणून टाके घालतात, आणि ते दोन्ही एकाच टेंडनचे पदर निघतात, खरं अडकलेलं टेंडन शेजारच्या खोलीत अजून कोंडलेलंच. म्हणून जाणकार सर्जन उघडल्यावर एकेक टेंडन हळूच ओढून बघतो, अंगठ्याचं मधलं पेर सरळ होतंय का, होईपर्यंत थांबत नाही. हल्ली सोनोग्राफीत ही शिवण आधीच दिसू शकते, इंजेक्शनची सुईही तिच्याच मदतीने नेमकी नेता येते. पहिल्या इंजेक्शनने फरक पडला नाही तर सोनोग्राफी करून बघायची का, एवढं विचारायला काहीच हरकत नाही, कुठलाही चांगला डॉक्टर यावर चिडणार नाही.

अजून एक खेळ. फक्त अंगठा तळव्याकडे दुमडा, बाकी बोटं सैल. अंगठ्याबरोबर शेजारच्या बोटाचं, तर्जनीचं, टोकही आपोआप वाकतंय? मग तुमच्या त्या दोन टेंडनमधे जोड आहे. लिनबर्ग आणि कॉमस्टॉक यांनी 1979 मध्ये यावर लिहिलं, बऱ्याच जणांत असतो, त्रास काही नाही, फक्त गिटार-पियानो वाजवणाऱ्यांना कधीकधी नडतो.

हाताच्या पाठीवर मऊ गाठ आली की सगळे गॅंग्लियन, म्हणजे द्रवाने भरलेली साधी गाठ, म्हणून मोकळे होतात. पण थोड्या लोकांत तिथे एक छोटासा जास्तीचा स्नायू असतो, बोटं ताणून सरळ केली की ती गाठ टणक होते. एवढं न बघता कापायला घेऊ नये.

आणि शेवटचं, मांजाने, काचेने किंवा कोयत्याने कापलं तर. बोट वाकतंय ना, मग टेंडन शाबूत आहे, असं धरून चालू नका. बोट वाकवणारी टेंडन दोन असतात, एक तुटलं तरी दुसरं काम निभावून नेतं. हाताच्या पाठीवर तर शेजारच्या बोटांची टेंडन आडव्या पट्ट्यांनी जोडलेली असतात, त्यामुळे तुटलेल्या टेंडनचं बोटही शेजाऱ्याच्या जोरावर सरळ होतं आणि जखम नुसती शिवून पेशंट घरी जातो. करंगळीचं उलटं, बाकी तीन बोटं सरळ दाबून धरली तर कित्येक धडधाकट लोकांची करंगळी मधल्या पेरात वाकतच नाही, तिथे न तुटलेलं तुटलं वाटू शकतं. म्हणून तपासताना दुसऱ्या हाताशी ताडून बघायला सांगा, आणि शंका उरली तर टाके घालायच्या आधी जखम आतून नीट बघून घ्यायला सांगा, कारण तुटलेली टोकं पहिल्या काही दिवसांत जोडणं सोपं जातं, नंतर ती आखडून मागे सरकतात.

चला, येते. नमस्कार.