कोऱ्या जागेचा हिशोब

नागपूरच्या सीताबर्डीवर एखाद्या झेरॉक्सवाल्याकडे कोपऱ्यात फॅक्स मशीन धूळ खात पडलेली दिसली तर हसू नका राजेहो, तिच्या पोटातला हिशोब आजही तुमच्या पीडीएफमध्ये चालतो.

फॅक्सला काही वाचता येत नाही. समोर वकीलपत्र आहे का संत्र्याच्या ट्रकची बिल्टी, त्याला घेणंदेणं नाही. ए-फोरची एक आडवी ओळ म्हणजे 1728 ठिपके, काळे नाहीतर पांढरे, आणि साध्या क्वालिटीत मिलीमीटरला 3.85 ओळी, म्हणजे पानभर जवळपास वीस लाख ठिपके. एका ठिपक्याला एक बिट, म्हणजे 0 नाहीतर 1, आणि हे जसंच्या तसं सेकंदाला 9600 बिटच्या स्पीडने फोनवर ढकललं तर एका पानाला साडेतीन मिनिटं, आणि तिकडे एसटीडीचं मीटर पळतंय.

म्हणून 1980 मध्ये ग्रुप थ्री नावाचं फॅक्सचं स्टँडर्ड आलं, त्यात ठिपके पाठवायचेच नाहीत, सलग किती पांढरे मग सलग किती काळे एवढंच सांगायचं, आणि जे सारखं सारखं येतं त्याला छोटा कोड. सलग दोन काळे? फक्त 1-1, दोनच बिट. तीन? 1-0. पेनाची रेघ तेवढीच जाड असते ना! अख्खी कोरी ओळ 17 बिटात खल्लास, वर ओळ संपल्याची खूण तेवढी.

1984 चं ग्रुप फोर अजून चलाख. ते वरच्या ओळीकडे बघतं, रंग तिथेच बदलला असेल तर एक बिट. कोऱ्याखाली कोरी ओळ, पूर्ण ओळीला एक बिट! आपली शिरोरेघ त्याला भारी आवडते, पण कागद सरळ ठेवला तरच, तिरका ठेवला की रेघेच्या पायऱ्या होतात आणि प्रत्येक पायरीला वेगळा कोड. फक्त एक आहे, मधे एक बिट चुकला की खालचं सगळं पान गेलं, म्हणून खरखरत्या फोन लाइनवर ग्रुप थ्रीच टिकलं.

खरा घोळ फोटोचा. झेरॉक्सची झेरॉक्स काढलेलं आधार घ्या, राखाडी दाखवायला मशीन काळा-पांढरा-काळा-पांढरा असे ठिपके टाकते, आणि ग्रुप थ्रीच्या साध्या पद्धतीत एक पांढरा 6 बिट, एक काळा 3, म्हणजे दोन ठिपक्यांना 9. कम्प्रेस करायला गेलो आणि साडेचारपट फुगलं.

तेव्हा सिव्हिल लाइन्सला कोर्टाचे कागद स्कॅन करायला गेलात तर दुकानदाराला एवढंच म्हणा, भाऊ, ग्रे नको, ब्लॅक अँड व्हाइट, जी-फोर म्हणजे ग्रुप फोर, आणि आधी काच पूस जरा.